दुसऱ्यांदा आलेली लाइट

रोहिणखेडपासून दोन किलोमीटरवर हिंमतराव सुरडकरांचा मळा आहे आणि मळ्यातच घर. घराच्या पडवीत, मिरचीच्या रोपांच्या रिकाम्या ट्रेंशेजारी, एक कॉम्प्युटर चालू असतो. त्याचं झाकण काढलेलं आहे आणि त्याला तीन जुन्या हार्ड डिस्क जोडलेल्या आहेत. हिंमतरावांचा मुलगा भागवत त्याला टेस्ट मशीन म्हणतो. बाकी सगळे पेटी म्हणतात.

या पेटीला इन्व्हर्टर लावायचा नाही, असा भागवतचा नियम होता. शेजारच्या मळ्यातल्या भाऊरावांना तो काही केल्या पटत नव्हता.

"टीव्हीले इन्व्हर्टर, पंख्याले इन्व्हर्टर, अन् पीएचडीच्या कॉम्प्युटरले नाई?"

"लाइट गेली की ती बंद पडाले पायजे, भाऊकाका. तिचं कामच ते हाय."

"म्हंजे लाइट सरकारनं घालवाची अन् डिग्री यानं घ्याची," भाऊराव हिंमतरावांना म्हणाले. "चांगलं काम काढलं बाप्पा तुह्या पोरानं."

भागवत हसला. भाऊराव बोलले त्यात फारसं खोटं नव्हतं.

भागवत बत्तीस वर्षांचा. बुलडाण्याच्या एका कॉलेजात शिकवायचा, अमरावतीला पीएचडीची नोंदणी होती, आणि जगभरातले चाळीसेक लोक मिळून लिहीत असलेल्या एका फाइल सिस्टीमवर काम करायचा. फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे ठेवली याचा बंदोबस्त करणारा प्रोग्राम. हा प्रोग्राम खुला होता. कुणीही घ्यावा, कुणीही दुरुस्त करावा, पैसे कुणाचेच नाहीत. चाळीस जणांत वऱ्हाडातला हा एकटाच.

मधेच वीज गेली तर अर्धवट राहिलेलं काम कसं पुरं करायचं, हा त्याचा विषय. प्रकल्पात तोच, पीएचडीतही तोच. प्रोग्राम कुठलंही काम करण्याआधी डिस्कवर एक चिठ्ठी लिहितो, की मी आता हे करणार आहे. वीज गेली आणि परत आली की तो चिठ्ठ्या वाचतो, राहिलेली कामं करतो आणि चिठ्ठ्या खोडतो. हे सगळं भागवतने आधीपेक्षा तिप्पट जलद करून दाखवलं होतं. मोठ्या प्रयोगशाळांत वीज गेल्याचं नाटक करून तपासतात. भागवतकडे खरोखर जाणारी वीज होती. अठरा महिने, दोनशे अकरा वेळा लाइट गेली, एकही फाइल हरवली नाही. प्रबंधाचं चौथं प्रकरण या एका वाक्यावर उभं होतं.

अठरा महिन्यांवर मोजणी थांबली, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भागवतची माय, अन्नपूर्णाबाई, वारली. भेटायला येणाऱ्या लोकांना बसायला जागा हवी म्हणून पडवी रिकामी केली आणि पेटी कपाटावर गेली. ती फेब्रुवारीच्या शेवटच्या बुधवारी परत खाली आली. येत्या रविवारी फाइल सिस्टीमची नवी आवृत्ती बाहेर पडणार होती आणि तीत भागवतचं काम पहिल्यांदाच जाणार होतं. त्याच्या पुढच्या बुधवारी अमरावतीला प्रबंध देण्याआधीचा सेमिनार होता. मार्चच्या तीस तारखेला नोंदणीची मुदत संपत होती. दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती.

भागवतला काळजी नव्हती. त्याचा दिवस घट्ट बांधलेला होता. पहाटे पाच ते सात प्रकल्प. सात ते नऊ बापाबरोबर वांगी-टोमॅटोचे क्रेट भरणं आणि मुलीची, काजलची, शाळेची तयारी. बुलडाण्याच्या एसटीत जाताना आणि येताना प्रबंध, कारण एसटीत कुणी काम सांगत नाही. बायको रुपाली मोताळ्याला सरकारी दवाखान्यात नर्स होती. हे वेळापत्रक तिनेच लावून दिलं होतं. रविवारी दुपारी कॉम्प्युटर उघडलेला दिसला तर जेवायला भाऊकाकांकडे जायचं, असंही त्यात होतं. दोनदा तो खरंच गेला होता.

गुरुवारी सकाळी साडेआठला लाइट गेली. त्या आठवड्यात शेतीच्या मोटारींची थ्री-फेज वीज दिवसा होती, आणि सुरू होताना ती नेहमीच असा एक हिसका द्यायची. भागवत क्रेट बांधत होता. लाइट आली, गेली, परत आली. हात धुऊन तो पडवीत आला आणि सवयीने पडद्याकडे पाहिलं.

फाइली असायला हव्यात: चारशे बारा. आहेत: चारशे नऊ.

त्याने खाली बसून पुन्हा मोजायला लावलं. चारशे नऊच. तीन फाइलींची नावं होती, आत काही नव्हतं.

आधी त्याला डिस्कचा संशय आला. डिस्क तपासली, ती चांगली होती. मग त्याने पेटी कधी कधी सुरू झाली याची नोंद उघडली. सकाळी ती दोनदा सुरू झाली होती, सत्तेचाळीस सेकंदांच्या अंतराने. म्हणजे पहिल्यांदा लाइट आल्यावर पेटी चिठ्ठ्या वाचून कामं पुरी करत होती, आणि ते चालू असतानाच लाइट दुसऱ्यांदा गेली.

एवढ्यानेच भागवतला चूक कुठे आहे ते कळलं. जलद व्हावं म्हणून तो काम डिस्कवर पक्कं पोहोचायच्या आधीच चिठ्ठी खोडत होता. लाइट एकदाच गेली तर यात काही बिघडत नाही. पण नेमकं त्या क्षणी पुन्हा गेली, तर चिठ्ठीही नाही आणि कामही नाही.

चूक सापडली याचं त्याला फार वाटलं नाही. चुका सापडतातच. त्याला वेगळंच खुपलं. हे अठरा महिन्यांत एकदाही कसं झालं नाही?

त्याने जुनी नोंद काढली. दोनशे अकरा वेळा पेटी सुरू झाली होती. दोन वेळांमधलं सगळ्यात कमी अंतर होतं एक तास दहा मिनिटं. तो पाहतच राहिला. त्यांच्या डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, पंचवीस मोटारी होत्या आणि निम्म्यांना आपोआप सुरू होणारे स्टार्टर. लाइट आली की सगळ्या एकदम उठायच्या, लोड यायचा, खटका पडायचा. मग तिथेच थांबलेला लाइनमन किंवा भाऊराव लगेच खटका उचलायचे. दुसऱ्यांदा आलेली लाइट टिकायची. हे लहान पोरालाही ठाऊक होतं. दोनशे अकरा वेळांत ती एकदाही दोनदा गेली नाही, हे या मळ्यात शक्यच नव्हतं.

हिंमतराव दारे धरून आले. पायाला चिखल होता.

"बाबा, मांगच्या साली लाइट गेली की पेटीचं बटन पाडून ती बंद कोन करत होतं काय?"

"तुही माय," हिंमतराव लगेच म्हणाले. "अजून कोन?"

"मले काऊन नाई सांगतलं?"

"त्याच्यात काय सांगाचं? लाइट गेली की ती सगळेच बटनं पाडे. फ्रिज, मिक्सर, पेटी. तो पह्यला फ्रिज जळाला तवापासून. पोराची पेटी जळून जाईन म्हने." त्यांनी पायाचा चिखल पायरीला पुसला. "तूबी त घरी असला की तेच करत होता. म्या पाह्यलं हाय."

भागवतला आठवलं. खरंच, तोही करायचा. लाइट गेली की हात आपोआप भिंतीकडे जायचा. लाइट आली, गेली, परत येऊन टिकली, की मगच बटन वर. इकडच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही आणि त्याच्या लक्षातही राहत नाही. माय बोर्डाखाली उभी राहून भाऊरावांच्या मोटारीचा आवाज ऐकायची. मोटार सुरू झाली, बंद पडली, परत सुरू झाली, की ती एकेक बटन वर करायची. माय गेल्यावर ते कुणी करेनासं झालं. नवा फ्रिज स्टॅबिलायझरवर होता, रुपाली ड्यूटीवर असायची, आणि हिंमतराव लाइट गेली की पडवीत येतच नव्हते.

"काही बिघडलं काय?" हिंमतरावांनी विचारलं.

"हाव. पण माह्याकडूनच बिघडलं."

दहाच्या एसटीत त्याने प्रबंध उघडला नाही. सरळ हिशोब मांडला. चूक त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. गप्प राहिला तर रविवारी आवृत्ती बाहेर पडेल, बुधवारी सेमिनार होईल, आणि दोन महिन्यांनी पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती गुपचूप घालता येईल. तेवढ्या काळात कुठे कुणाच्या तीन फाइली जातील, कुणाच्या तीनशे. ज्याच्या जातील त्याला कधी कळणारही नाही की त्या बुलडाणा जिल्ह्यातून गेल्या.

त्याने मार्गदर्शकांना, डॉ. वाकोडे सरांना, फोन लावला. एसटी घाटात होती. दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा लागला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चौथं प्रकरण गेलं."

"त्यातलं वाक्य गेलं सर. प्रकरण मी पुन्हा लिहितो."

"बुधवारपर्यंत? आज गुरुवार आहे, भागवत. तुझ्या पदरात एक लेकरू, एक नोकरी आणि एक मळा आहे. समितीने हे परत पाठवलं तर तीस तारीख निघून जाईल. सहा वर्षं गेली समज."

"जाणार नाही सर."

"कशावरून?"

"चूक कुठे आहे ते मला माहीत आहे. लाइट दोनदा जाते हेही आता माहीत आहे. आधी दोन्ही माहीत नव्हतं."

सर म्हणाले, "तिकडच्या लोकांना आधी कळव. मग मला तोंड दाखव."

घाट संपायच्या आत भागवतने मेल लिहून पाठवला. प्रकल्पात काय घ्यायचं याचा शेवटचा निर्णय घेणारी बाई फिनलंडची होती, हेलेना. भागवतने तिला कधी पाहिलं नव्हतं, पण चार वर्षं तिच्या हाताखाली घासून निघाला होता. कॉलेजात पोहोचेपर्यंत तिचं उत्तर आलं. चार ओळी. तुझं काम रविवारच्या आवृत्तीतून काढलं आहे. वेळेत सांगितलंस हे बरं केलंस. दुरुस्ती पाठव, घाई करू नकोस. आणि शेवटची ओळ अशी होती, की दोनदा वीज जाण्याची चाचणी किती वेळा केलीस ते आकड्यात लिही.

आकडा होता एक.

संध्याकाळी तो काजलचा गृहपाठ घेत बसला होता, आणि हिंमतराव ओसरीत लसूण निवडत होते. रुपाली चहा घेऊन आली.

"मामाजींनी सांगितलं मले," ती म्हणाली. "आता काय करता?"

"दुरुस्ती सोपी हाय. चार ओळी. पण ती पक्की हाय हे दाखवाले दोन-तीनशे वेळा लाइट दोनदा घालवा लागते. बटन आपोआप पाडनारा रिले अकोल्याहून मागवला त सोमवारी येईन. मंग मले एकच दिवस उरते."

"नेमकं चुकलं काय होतं?" हिंमतरावांनी मान वर न करता विचारलं.

भागवतने विचार केला. "बाबा, तुम्ही दारे धरता. एका वाफ्यात पाणी सोडलं अन् लाइट गेली. मंग कुठवर भिजलं ते कसं ध्यानात ठेवता?"

"काडी रोवतो वाफ्यात."

"अन् काडी पुढच्या वाफ्यात कधी नेता?"

"वाफा भरल्यावर."

"मी वाफा भरायच्या आधीच उचलत होतो. पाणी सोडलं की उचलली."

हिंमतरावांनी आता मात्र लसूण खाली ठेवला. "अन् मधात लाइट गेली त?"

"वाफा कोरडा. अन् काडी पुढे."

"एवढा शिकला अन् काडी आधी उचलतं बे?" हिंमतराव म्हणाले. "काऊन?"

"जलदी होते."

"जलदी!" हिंमतरावांनी सुनेकडे पाहिलं. "सहा वर्षांपासून अमरावतीले जाऊन राह्यला हा."

रुपाली हसू दाबत आत गेली. काजलने विचारलं, "आबा, वाफ्यात दोनदा पानी गेलं त?"

"गेलं त गेलं, माय. भिजलेलं अजून भिजते. कोरडं राह्यलं की मरते."

हेच वाक्य भागवतला इंग्रजीत लिहायला पुढे अर्धं पान लागलं.

हिंमतराव उठून पडवीत गेले आणि बोर्डापाशी उभे राहिले. "रिले-बिले कायले पायजे? बटन मी पाडतो. कसं पाडाचं ते सांग."

"तीनशे वेळा, बाबा?"

"तुह्या मायनं दीड वर्ष पाडलं."

शुक्रवारी पहाटे भागवतने चार ओळी दुरुस्त केल्या आणि कॉलेजातून दोन दिवसांची रजा टाकली. हिंमतरावांनी बोर्डाखाली स्टूल मांडलं. एक खेप म्हणजे बटन पाडायचं, वर करायचं, पेटी सुरू व्हायला लागली की मनात मोजायचं, आणि ठरलेल्या आकड्याला पुन्हा पाडायचं. कधी वीस, कधी तीस, कधी पंचेचाळीस. मग वर करून पडद्यावरचा आकडा भागवतला ओरडून सांगायचा. आधी जुना, चुकीचा प्रोग्राम दीडशे वेळा, मग दुरुस्त केलेला तीनशे वेळा. भागवत आत बसून प्रकरण लिहीत होता.

"चारशे बारा!"

"हाव."

"चारशे बारा!"

"हाव."

"चारशे सात! गेल्या बे तुह्या पाच!"

जुन्या प्रोग्रामच्या दीडशे खेपांत एकोणीस वेळा फाइली गेल्या. प्रत्येक वेळी हिंमतराव जोरात ओरडायचे, जणू त्यांनीच पकडल्या. भाऊराव कुंपणापलीकडून पाहत होते. शनिवारी त्यांना राहवलं नाही.

"हिंमत, काय करून राह्यला दोन दिवसांपासून?"

"पीएचडी."

"तू?"

"मंग? पोरगं नुसतं लिहून राह्यलं."

रविवारी दुपारी रुपालीने नियम एका दिवसापुरता बाजूला ठेवला आणि दोघांची ताटं पडवीतच आणून दिली. दोनशेव्या खेपेच्या आसपास हिंमतराव एकाएकी गप्प झाले. भागवतने बाहेर डोकावून पाहिलं. बापाचा हात बटनावर होता. बोर्डावर त्या बटनापाशी तेलकट बोटांचा जुना डाग होता. पुसायला गेलं तर निघाला असता, पण कुणी पुसला नव्हता. हिंमतराव त्याच्याकडे पाहत होते.

"बाबा, थांबता काय?"

"नाई. पंचवीस झाले." त्यांनी बटन पाडलं.

सोमवारी संध्याकाळी तीनशे खेपा पुऱ्या झाल्या. दुरुस्त केलेल्या प्रोग्रामने एकही फाइल घालवली नाही. वेग तिप्पट राहिला नव्हता. दुपटीहून थोडा जास्त उरला होता. भागवतने प्रकरणात दुप्पटच लिहिलं.

बुधवारी अमरावतीला समितीत चार जण होते. भागवतने जुनं वाक्य लपवलं नाही. पहिल्याच स्लाइडवर ते दाखवलं आणि त्याखाली लिहिलं, हे निष्कर्ष म्हणून चूक आहे. वाकोडे सर मागच्या रांगेत चष्मा पुसत बसले. तासाभराने बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, "माझा एकच प्रश्न आहे. अठरा महिने प्रत्यक्ष चाचणी केलीत. मग ही चूक तेव्हा का दिसली नाही?"

"लाइट गेली की माझी आई बटन बंद करायची," भागवत म्हणाला. "लाइट दुसऱ्यांदा येऊन टिकेपर्यंत ती पेटी सुरू करत नव्हती. घरी असलो की मीही तेच करायचो. आमच्याकडे सगळेच करतात, म्हणून मला ते चाचणीच्या अटींत लिहायचं सुचलंच नाही. आता लिहिलं आहे. पान एकशे बारा."

बाईंनी पान उघडून वाचलं. "त्या आता करत नाहीत?"

"त्या सप्टेंबरात गेल्या."

बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न वेगाबद्दल विचारला. त्याचं उत्तर भागवतला पाठ होतं. शेवटी समितीने प्रबंध दाखल करायला परवानगी दिली, अट एकच, की चौथ्या प्रकरणाला साजेसे बदल पहिल्या प्रकरणातही करावेत. मुदत तीच, तीस मार्च. जिन्यात वाकोडे सर म्हणाले, "दोनशे अकराच्या ऐवजी साडेचारशे खेपा आणल्यास. तुझ्या वडिलांना एकदा घेऊन ये. माझ्याकडे अशी दोन पोरं आहेत, त्यांच्यावर नेमतो."

गुरुवारी पहाटे पाचला भागवत पुन्हा प्रकल्पाच्या कामाला बसला. दुरुस्ती हेलेनाकडे पाठवायची होती. अशा प्रत्येक दुरुस्तीखाली चाचणी कुणी केली याची एक ओळ असते, नावासकट, आणि ती प्रोग्रामबरोबर कायम राहते. हिंमतराव चूळ भरून आत आले तेव्हा त्याने त्यांना ती वाचून दाखवली. हिंमतराव सुरडकर.

"माहं कायले? तिचं टाक."

"बाबा, या ओळीत ज्यानं हे केलं त्याचंच नाव लागते. खोटं चालत नाई. हे तीनशे तुमचे हायत."

"मंग तिचं कुठं?"

"वर हाय. दुरुस्ती काऊन लागली ते जिथं लिहितात, तिथं." भागवतने बोट ठेवलं आणि इंग्रजी ओळ मराठीत सांगितली. "याआधीच्या अठरा महिन्यांत वीज गेली की अन्नपूर्णाबाई सुरडकर मशीनचं बटन बंद करत आणि वीज टिकल्यावरच सुरू करत. त्यामुळे ही चूक दिसली नाही."

हिंमतरावांना इंग्रजी येत नव्हतं. ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले.

"खरं हाय," ते म्हणाले. "पाठव."

दुपारपर्यंत हेलेनाचं उत्तर आलं. तिने एका जागी स्वल्पविराम बदलायला सांगितला होता. बाकी काही नाही.

शुक्रवारी सकाळी साडेआठला लाइट गेली. हिंमतराव वांग्यांत होते. हातातलं तिथेच टाकून ते पडवीत आले. फ्रिजचं बटन पाडलं, मिक्सरचं पाडलं. पेटीच्या बटनापर्यंत हात गेला आणि त्यांनी तो खाली घेतला. क्रेट बांधता बांधता भागवत पाहत होता.

लाइट आली. पेटीचा पंखा फिरू लागला, कुंपणापलीकडे भाऊरावांची मोटार उठली. खटका पडला, दोन्ही बंद झाले. हिंमतराव बोर्डाखाली तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने लाइट परत आली. भाऊरावांची मोटार सुरू झाली आणि सुरूच राहिली. हिंमतरावांनी आणखी थोडं ऐकलं, मग आधी फ्रिजचं बटन वर केलं, मग मिक्सरचं.

"किती?" भागवतने बाहेरून विचारलं.

हिंमतराव पडद्याकडे वाकले.

"चारशे बारा," ते म्हणाले, आणि वांगी तोडायला गेले.